सामान आलं, आवाज मागे राहिला

आमच्या घरात कुणी कधी कुजबुजलं नाही. कुजबुजलं असतं तरी ते कुणाला ऐकू गेलं नसतं. आमची खोली आणि लूमचा कारखाना यांच्यामध्ये विटांची एकच भिंत होती आणि त्या भिंतीपलीकडे दोन्ही पाळ्यांत कापड विणणारे लूम चालत. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे. हंड्यातलं पाणी कधी स्थिर नसायचं. आई दुपारी डबे भिंतीशी मागे सारायची आणि संध्याकाळपर्यंत ते आपोआप फळीच्या काठाशी आलेले असायचे. आम्ही ओरडून बोलायचो, आणि ओरडण्याचा कंटाळा आला की हातांनी. पाणी हवं असेल तर अंगठा ओठाशी, मीठ हवं असेल तर दोन बोटांची चिमूट. बाबा येताना दिसले की धाकटी शोभा दारातून आपलाच खांदा झटकून दाखवायची, कारण बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहून आधी अंगावरचा कापूस झटकायचे. पुढे कॉलेजात गेले तेव्हा पहिले कित्येक दिवस मैत्रिणी मला हळूच सांगायच्या, अगं, एवढ्या मोठ्यानं नको बोलूस. मी ओशाळायची. मला तर वाटायचं की मी हळूच बोलतेय.

शुक्रवारी लूमला सुट्टी असायची. त्या दिवशी भिवंडीच वेगळी वाटायची, लग्नघरचा मांडव उतरवल्यावर आवार वाटतं तशी. आम्ही बायका दारात बसून गप्पा मारायचो. हमीदाखाला, आमच्या शेजारीण, आपला निवडायचा तांदूळ घेऊन आमच्याच ओट्यावर यायच्या. बाबा मात्र शुक्रवारी घरी नसायचेच. सकाळी न्याहारी केली की गळ आणि डबा घेऊन खाडीवर जायचे ते अंधार पडायच्या सुमाराला परतायचे, चिंबोऱ्या घेऊन. त्या रात्री तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण असा बेत ठरलेला. आठवड्याभराचं कष्टाचं माणूस, एक दिवस खाडीवर मोकळं बसतंय, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर त्यांचा हा छंद फार आवडायचा. वडिलांना एखादा छंद आहे, ही गोष्ट मी कॉलेजात कौतुकानं सांगितलीही होती.

घर बदलायची वेळ आली ती बाबांच्या खोकल्यामुळे. कापसाची धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, लूम सोडा. लूम सोडला की खोलीही सोडायची, कारण खोली मालकाची, आणि मालकाला त्या जागेत आणखी लूम टाकायचे होते. त्या वर्षांत वळ, राहनाळ, मानकोलीच्या बाजूला भाताची खाचरं भरून गोदामं उभी राहू लागली होती. बाबांच्या ओळखीतल्या एकानं वळच्या एका गोदामावर फाटकाचं काम मिळवून दिलं. ट्रक आला की फाटक उघडायचं, आत घ्यायचा, बंद करायचं. आणि कामाबरोबर फाटकाला लागूनच एक पक्की खोली, दारातल्या नळासकट. आजूबाजूला झाडं, मागं शेत. मला तर ती जागा बघून भरून आलं. आईला नाही. आई खोली बघायला आली, दारात उभी राहिली, इकडंतिकडं कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "लय शांत हाय गं इथं." मला वाटलं, ती कौतुक करतेय.

त्यानंतर आईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तांदूळ दोनदा धुवायची, भाकरी तव्यावर विसरायची. सामान बांधायचा विषय काढला की तिला दुसरं काहीतरी काम आठवायचं. म्हणायची, लूमशिवाय मला झोप येणार नाही. आम्ही हसायचो. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, त्यामुळे या सगळ्यावर काहीतरी उपाय मीच शोधायला हवा असं मला फार मनापासून वाटत होतं. कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात घर बदलण्यावर लेख होता. त्यात लिहिलं होतं की माणसाला सामानाचा त्रास होत नाही, अनोळखीपणाचा होतो. मला ते अगदी पटलं. मी ठरवलं, आईला नवं घर अनोळखी वाटूच द्यायचं नाही.

शोभाला घेऊन मी कारखान्यातलं टाकाऊ सूत जमवलं आणि त्याला गाठी मारून आमच्या खोलीतली एकेक वस्तू मापली. दारापासून चूल किती, चुलीपासून फळी किती, पेटी भिंतीला कशी चिकटलेली. मग वळच्या रिकाम्या खोलीत जाऊन खडूनं जमिनीवर सगळं आखलं. इथं पेटी, इथं हंडा, इथं बाबांचा बिछाना. भिंतीवर तसबिरींच्या जागी खिळे ठोकले. अंधारात आईनं हात पुढे केला तर काडेपेटी तिथंच लागली पाहिजे, जिथं इतकी वर्षं लागली, असा माझा हिशेब. आता माझा मुलगा घर बदलतो तेव्हा कंपनीची माणसं येतात, बशीला बशी कागदात गुंडाळून नेतात आणि संध्याकाळी सगळं जागच्या जागी लावूनही देतात. मी सोफ्यावर बसून बघते आणि मला ते खडूचे चौकोन आठवतात. वाईट नव्हती ती युक्ती. फक्त मी मापायला हवं होतं ते मापलं नव्हतं.

हमीदाखालांनी मला एकदा अडवलं होतं. मी त्यांना विचारत होते की आईचं मन रमावं म्हणून आणखी काय करता येईल. त्या तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "बेटी, तू चूल्हा नाप रही है, पेटी नाप रही है. तेरी अम्मी को डर किस बात का है, वो पूछा?"

मी म्हटलं, डर कसला, सवय मोडतेय म्हणून.  खाला तांदळात बोटं फिरवत राहिल्या.

आम्ही अमावास्येला घर हलवलं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, आणि अमावास्येला कुणी सामान हलवत नसल्यामुळे टेम्पो सहज मिळतो. बाबांना या गोष्टीचा अभिमान होता. टेम्पोवाल्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. निघताना हमीदाखालांनी पातेलंभर दालचा आणि भात फडक्यात बांधून दिला, पहिल्या दिवशी चूल पेटवायची घाई नको म्हणून, आणि आईला मिठीत घेऊन तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. लूमच्या आवाजात ते आईशिवाय कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. वळला पोचल्यावर आधी तसबिरी आत गेल्या, मेणबत्ती लावली, आम्ही चौघांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं. बाबा नेहमीसारखे सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणत होते. त्या रिकाम्या खोलीत त्यांचा आवाज एवढा घुमला की शोभाला हसू फुटलं. आई हसली नाही. तिनं पुढं होऊन दार लोटून घेतलं.

शेजारी गुणाबाय म्हणून आगरी बाई राहायच्या. घरची थोडी शेती, दोन बैल, आणि तोंड फार चालायचं. दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी चौकशी केली, गाव कुठलं, माणसं किती, सत्यनारायण कधी घालणार. आईनं सांगितलं, आमच्यात सत्यनारायण नसतो, आम्ही वंदना घेतो.  गुणाबाय म्हणाल्या, "बरा. पन अवसंला घर लावलाव ते काय बरा न्हाय केलाव." तरी संध्याकाळी वाटीभर सुकट आणून दिली, कुंपणावरूनच.

माझी युक्ती लागू पडली होती, असं मला दोन दिवस वाटलं. आई न बघता मिठाचा डबा उचलत होती. शोभा पहिल्या रात्री गाढ झोपली. मीच थोडी जागी होते, कारण कानात लूम चालत नव्हते आणि त्यामुळे मागच्या शेतातला प्रत्येक किडा मोजता येत होता. बाबांनी खाकी शर्ट घातला, फाटकाजवळ स्टूल टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. सकाळभर बसले. त्यांच्याकडे बघून मला फार बरं वाटत होतं. अंगावर कापूस नाही, खोकला कमी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारात बसून वाचत होते. ऊन फाटकावर आलं होतं, म्हणून बाबांनी स्टूल उचलून आंब्याच्या सावलीत नेलं होतं, पाठ रस्त्याकडे. मानकोलीकडून एक ट्रक आला आणि फाटकाशी थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाबा बसून होते. पुन्हा दिला. मी मान वर केली. बाबा झाडावरच्या मुंग्यांची रांग बघत होते, अगदी निवांत. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनं हात हॉर्नवरून काढलाच नाही. गुणाबायचे बैल खुंट्याला ओढ देऊन उभे राहिले. मला वाटलं, बाबांना काही झालं की काय. मी उठणार तोच आतून आई आली, पिठाच्या हातांनी, आणि बाबांकडे न बघता, त्यांना हाकही न मारता, त्यांच्या नजरेसमोरून कळशी घेऊन नळाकडे गेली. जाताना तिनं फक्त हनुवटी रस्त्याकडे किंचित वळवली. बाबा ताडकन उठले आणि फाटकाकडे गेले. ड्रायव्हर शिव्या देत होता. बाबा त्याच्या तोंडाकडे बघून हात जोडून हसले.

आई कळशी न भरताच परत आली. मी तिच्या मागोमाग आत गेले.  मी एवढंच म्हटलं, "आई, बाबांना..."

"हळू बोल," आई म्हणाली. मग तिला बहुधा स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटलं असावं, कारण ती चुलीपाशी बसून राहिली. लाकूड आत सारत म्हणाली, "शुक्रवारी ते खाडीवर का जायचे, तुला काय वाटलं? चिंबोऱ्यांसाठी?"

मी आजही ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबवते. माझं सगळं लहानपण त्या एका वाक्यानं पुन्हा मांडलं गेलं. शुक्रवारी लूम बंद असत, माणसं साध्या आवाजात बोलत, आणि साध्या आवाजात बोललेलं बाबांना ऐकू येत नसे. बाकी सगळे दिवस ते आमच्यासारखेच होते, कारण लूमजवळ कुणालाच काही ऐकू येत नसतं. आम्ही सगळे हातांनी आणि ओठांवरून बोलत होतो. फरक एवढाच की आम्हाला तसं बोलायची सवय होती आणि त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. आईला माहीत होतं. हमीदाखालांना माहीत होतं. लूमवाल्यांत हे होतंच, त्याचं कुणी नाव काढत नाही, आई म्हणाली. तिला झोप लूमशिवाय येणार नव्हती ती याच्यासाठी. त्या आवाजात तिचा नवरा धडधाकट होता.

आणि आता काम फाटकाचं, खोली कामाची. गोदामाच्या शेठला कळलं तर दोन्ही जाणार, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मी बघू लागले तेव्हा दिसू लागलं की आई दिवसभर अंगणातच असायची. भांडी अंगणात घासायची, तांदूळ अंगणात निवडायची, शिवायचं काही नसलं तरी सुई घेऊन अंगणात बसायची. हॉर्न वाजला की ती उठून बाबांच्या समोरून जायची. कधी केरसुणी घेऊन, कधी रिकाम्या हातानं. बाबा उठायचे. दोघांनी याबद्दल एकमेकांशी कधी बोलल्याचं मी पाहिलं नाही. गुणाबाय शेतावर निघताना तिला बोलवायच्या, भाजीला चल, तळ्यावर चल. आई काहीतरी सबब सांगायची. एक दिवस गुणाबाय कुंपणाशी थांबून म्हणाल्या, "वाचमन तुजा न्हवरा हाय का तू गो?" आई हसून आत आली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. घाम नव्हता आलेला.

हे असं किती दिवस चाललं असतं, सांगता येत नाही. पण मुरबाडकडून मामा आला. आजी पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं आणि ती आईचं नाव घेत होती. मामा चहा पिऊन पुढे ठाण्याला गेला, परतताना आईला घेऊन जातो म्हणाला. तो गेल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली. माझी परीक्षा तोंडावर होती. तिला बोलायला लागू नये म्हणून मीच म्हटलं, मी बसेन अंगणात. परीक्षा पुढच्या वर्षी देता येते. आईनं नको म्हटलं नाही. ती म्हणाली, "अंगणातच बसून वाच. हॉर्न झाला की समोरून जा. हाक मारू नको, माणसं बघतात." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. उलट मलाही काहीतरी करता येतंय याचं समाधानच वाटलं. वाईट नंतर वाटलं असतं, कदाचित पुष्कळ वर्षं.

आम्ही विसरलो होतो की बाबा दारात बसून आमच्याकडे बघत होते, आणि त्यांना ओठ वाचता येत होते.

 दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी दाढी केली, लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "बाय, चल. शेठकडे जायचंय."

आई चुलीपासून उठली. त्यांनी तिला हातानंच बस म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेठ पान खातो. त्याचं तोंड मला वाचता येत न्हाय. काय बोलतो ते तू सांग."

गोदामाच्या दर्शनी बाजूला शेठचं ऑफिस होतं. शेठ वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. बाबा टेबलासमोर उभे राहिले आणि नेहमीच्या, लूमवरच्या आवाजात म्हणाले, "शेठ, मला ऐकू येत न्हाय. हॉर्न ऐकून फाटक मी उघडत न्हाय, माझी बायको उघडवते. आता ती गावाला चाललीय."

बाहेर हमाल गाठी उतरवत होते, ते थांबले. मला वाटलं, जमीन फाटावी. शेठनं पान गालात सरकवलं आणि विचारलं, "तो पहले क्यों नहीं बोला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ नीट उघडून सांगितलं, आधी का नाही बोललात म्हणून विचारतायत.

"बोललो असतो तर ठेवलं असतं का?"

हे मला हिंदीत सांगावं लागलं नाही. शेठ थोडा वेळ कागदांची चळत सारखी करत राहिला. नंतर तो बोलू लागला आणि मी एकेक वाक्य बाबांना देऊ लागले. फाटकावर ठेवता येणार नाही, कुणाच्या अंगावर ट्रक जाईल. हे मी सांगितलं. बाबांनी मान डोलावली. आत बारदान शिवायला माणूस लागतो, फाटलेल्या गाठी सांधायला, लूमवाल्याचे हात सुतात चांगले चालतात. हे मी जरा घाईनं सांगितलं. रोजावर. हेही सांगितलं. मग शेठनं आणखी एक वाक्य म्हटलं आणि ते मला सांगवेना. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

"खोली गेली ना?" बाबा म्हणाले.

मी हो म्हटलं, महिन्याभरात सोडायची.

"मग तसं सांग की. ऐकून मी काय पडत न्हाय." आणि शेठला नमस्कार करून ते बाहेर आले. हमालांतला एक जण त्यांना वाट देताना बाजूला झाला. बाबा त्याला मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस ना? बरं झालं, पुन्हा सांगायला नको." तो आधी गडबडला, मग हसला. परत येताना बाबा माझ्या पुढे चालत होते. मी पाठीमागून काही बोलले असते तरी उपयोग नव्हता, म्हणून मी गप्प चालत राहिले. मला आठवतं, त्या दिवशी ते फार भरभर चालत होते.

आई माहेरी गेली. मी परीक्षा दिली, गुण बेताचेच पडले. आई परत आल्यावर आम्ही राहनाळला कौलारू खोल्यांच्या एका ओळीत जागा बघितली. नळ सामायिक, अंगण सामायिक, भिंती अशा की शेजारचं माणूस शिंकलं तरी इकडं कळावं. सामान न्यायला गुणाबायनी आपली बैलगाडी दिली आणि बैल जुंपता जुंपता आईला ऐकवलं, "एवढा मोठा गुपित पोटात ठेवलास, मना सांगतीस तर मी न्हवती का हाक मारली?"  आईनं गुणाबायच्या हातात लोणच्याची बरणी दिली.

या वेळी मी काहीच मापलं नाही. पेटी पुढं की मागं यावरून गाडीतच आई-बाबांचं वाजलं. बाबा एक म्हणत, आई हातवारे करून दुसरंच सांगत होती, शोभा पेटीवर बसून गवती चहाची कुंडी सांभाळत होती. मासिकातल्या लेखाप्रमाणे आमचं सगळंच चुकत होतं. नवं घर अनोळखी, शेजार अनोळखी, बाबांचं काम रोजावरचं, आणि हंडा उतरवताना काठाला पोचा पडला. पण आई त्या दिवशी भाकरी विसरली नाही. गाडी थांबायच्या आधीच ती खाली उतरली होती.

पलीकडच्या दारातून एक बाई बाहेर आली. नव्या माणसांना बघून पदर सावरत तिनं बाबांनाच विचारलं की कुठून आलात. बाबा पेटी उचलायला वाकलेले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. बाईनं पुन्हा विचारलं, आणि उत्तर येईना तसं तिचं तोंड जरा उतरलं.

आई गाडीच्या मागून पुढं आली. अजून तिनं आपलं नाव सांगितलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, खोलीचं कुलूपही उघडलं नव्हतं. ती सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवं बाई, बहिरे हायत ते. समोर येऊन बोला."